पाण्यातून गेल्यानंतर तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी : इंजिन उघडण्यापूर्वी काय तपासावे?

नमस्कार.

माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन (तीन सिलिंडर, १२०० सीसी, टर्बो नाही) उघडावे की नाही, याबद्दल सोलापुरातल्या दोन मेकॅनिकांची मते परस्परविरुद्ध आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

परवाच्या मोठ्या पावसात होटगी रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी न्यावी लागली. पाणी बंपरच्या खालच्या कडेला लागत होते आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालली होती. परंतु समोरून वेगात आलेल्या ट्रकने उसळवलेली लाट थेट जाळीवर आणि बॉनेटवर आदळली. त्याच क्षणी इंजिनातून ‘टक्’ असा जड आवाज आला आणि गाडीने झटका खाल्ला, पण इंजिन बंद पडले नाही. पाण्याबाहेर येताच चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला व गाडी उभी असताना स्टिअरिंगपर्यंत थरथर जाणवू लागली, म्हणून तिथेच बंद करून टो करून आणली.

एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा फिल्टरच्या कागदाच्या खालच्या घड्यांचा लगदा झाला होता आणि डब्याच्या तळाशी गढूळ पाणी होते. स्कॅनरवर पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (त्यात इंधन नीट पेटत नाही), असा कोड आला. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावून पाहिली, तिन्ही स्पार्क प्लग नवे घातले, तरी कोड तिसऱ्यावरच राहिला. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झालेले नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले दिसत नाही. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून घेतलेले कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, अनुक्रमे १७५, १७२ आणि १४० पीएसआय भरले.

एक मेकॅनिक म्हणतात की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकला आहे, इंजिन उतरवावेच लागेल. दुसऱ्यांच्या मते रॉड वाकला असता तर इंजिन चालूच झाले नसते. गाडी थोडी पळवा, आत राहिलेले पाणी जळून जाईल. रॉड वाकूनही इंजिन चालू शकते का, आणि ते न उघडता याची खात्री करता येते का? पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचे कव्हर आहे, तेव्हा विम्याच्या दृष्टीनेही काय जपावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

रॉड थोडासा वाकला असेल तर इंजिन चालू शकते, त्यामुळे दुसऱ्या मेकॅनिकांचा तर्क मला पटत नाही. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ४०० सीसीचा आहे. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, ११ धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे मोठ्या चमच्याने जेमतेम तीन चमचे मावेल एवढीच जागा उरते. पाणी दाबले जात नाही. ती जागा पाण्याने पूर्ण भरली की इंजिन जागीच अडकते. भरत आली असेल, तर दाब एकदम चढतो, रॉड किंचित वाकतो, पाणी एक्झॉस्टवाटे निघून जाते आणि इंजिन फिरत राहते. डिझेलमध्ये ही जागा आणखी कमी असल्यामुळे तिथे याहून थोडे पाणीही पुरते.

खात्रीसाठी लीक-डाउन चाचणी करून घ्यावी. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. पिस्टन सर्वांत वर आणून प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती गळते ते मोजायचे. हवेची फुसफुस ऑइल भरण्याच्या तोंडाशी ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलपाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह. गळती इतर दोघांएवढीच भरली आणि तरीही कॉम्प्रेशन कमी असेल, तर रिंगा व व्हॉल्व्ह ठीक असून रॉड वाकून आखूड झाल्याने पिस्टनच पूर्वीइतका वर पोहोचत नाही, असा अर्थ होतो. आपल्या १४० या आकड्यावरून पिस्टन किती खाली राहतो याचा माझा ढोबळ हिशेब सुमारे दोन मिलिमीटरचा येतो. ते पडताळण्यासाठी प्लगच्या भोकातून न तुटणारी प्लास्टिकची काडी सोडून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे आणि प्रत्येक पिस्टन सर्वांत वर असताना काडीवर खूण करावी. स्टार्टर मारू नये.

गाडी ‘पळवून’ पाहण्याचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. प्लगची भोके उघडी ठेवून कॉम्प्रेशन घेतल्यावर आत पाणी उरलेले नसते. आणि वाकलेला रॉड भाराखाली तुटला, तर तो ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. आज एका रॉडचे असलेले काम मग पूर्ण इंजिनावर जाते. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, सर्व्हेअरने (विमा कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू देऊ नका, आणि तो लगदा झालेला फिल्टर फेकू नका. पाणी हवेच्या वाटेने आत गेले, याचा तोच पुरावा आहे.

धागाकर्ता :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. लीक-डाउनमध्ये तिन्ही सिलिंडरांची गळती जवळजवळ सारखी निघाली आणि तिसऱ्याची खूण दोन मिलिमीटरला थोडी कमी, एवढी खाली आली. विमा कंपनीला कळवले असून सर्व्हेअर यायचे आहेत. आता एवढेच विचारायचे आहे की इंजिन उघडल्यावर फक्त तिसरा रॉड व त्याचे बेअरिंग बदलून भागेल, की उरलेले दोन्ही रॉड मोजून घेण्याचा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) तपासण्याचा आग्रह आत्ताच, एस्टिमेट लिहिले जाताना, धरावा?