आर्ट डेको इमारतीतले मूळ काचेचे गोल ठेवून एलईडी बसवायचे आहेत

सेक्रेटरी_बी_विंग
मरीन ड्राइव्हवरची 1930 च्या दशकातली इमारत. जिन्यात आणि लॉबीत 24 दुधी काचेचे गोल छताला लटकलेले, प्रत्येकात 60 वॉटचा साधा बल्ब, रोज 12 तास चालू. गोल आणि पितळी बैठका मूळच्या, त्यांना हात लावायचा नाही. एका गोलात 9 वॉटचा एलईडी लावला तर गोलाचा वरचा अर्धा भाग काळपट दिसतो. स्विच बंद केला तरी दिवा मंद पेटलेलाच. काय करावं?

दिवाबत्ती
बल्ब चुकीचा निवडलाय. त्याचं प्लास्टिकचं बूड अपारदर्शक, उजेड फक्त घुमटातून पडतो. बल्ब उलटा लटकतो, म्हणून बुडाची सावली गोलाच्या वरच्या भागावर येते. फिलामेंट एलईडी (काचेत तारेसारख्या एलईडी पट्ट्या, उजेड चहूबाजूंनी) घ्या: 8 वॉट, बी22 (दोन पिनांचं नेहमीचं बूड), 2700 केल्विन (पिवळसर उजेड), सीआरआय 90 (रंग किती खरे दिसतात याचं माप, 100 पैकी). 6500 केल्विनचा पांढरा उजेड अजिबात नको, मोझॅक आणि पितळ मेल्यासारखं दिसतं. बंद गोलात उष्णता कोंडते आणि ड्रायव्हरचा (बल्बमधल्या, एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) कॅपॅसिटर लवकर जातो, तेव्हा बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेलाच घ्या. रोजचे 17.3 युनिट 2.3 वर येतील.

फेज_न्यूट्रल
मंद दिव्यासाठी आधी टेस्टरने बघा. स्विच बंद असताना होल्डरवर फेज (जिवंत वायर) लागला तर स्विच न्यूट्रलमध्ये (परतीच्या वायरीत) आहे, ते धोक्याचं. आधी दुरुस्त करा. तसं नसेल तर स्विचमधला निऑन इंडिकेटर (बारीक दिवा) काढा. तरीही राहिलं तर कारण जिन्याच्या टू-वेच्या (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावणाऱ्या स्विचांच्या) लांब समांतर वायरी. त्यांच्यातून किंचित प्रवाह झिरपतो, एलईडीला तेवढाही पुरतो. दिव्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 (थेट घरच्या विजेवर लावायच्या सुरक्षित प्रकारचा) कॅपॅसिटर, त्याच्याशी सिरीजमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर लावा. बहुधा सर्किटला एक पुरतो.

सेक्रेटरी_बी_विंग
नऊ गोलांना अर्थिंगच नाही. सागवानी केसिंगमधल्या वायरी रबरी आहेत.

फेज_न्यूट्रल
मग बल्बची खरेदी थांबवा. रबर वाळून तडकतं, वायर जरा वाकवली की तुकडे हातात येतात. सगळे बल्ब काढून 500 व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा (बल्ब ठेवलात तर ड्रायव्हर जाईल). मेगर 1 मेगओहमच्या वर आला तरी असलं रबर ठेवू नका. त्याच केसिंगमधून 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि सोबत अर्थ ओढा, पितळी बैठकीला अर्थ जोडा, 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. भिंत फोडू नका, जुना गिलावा परत तसा जमत नाही.

दिवाबत्ती
होल्डरही बघा. खाऱ्या हवेने पिना हिरवट पडतात, स्प्रिंग ढिली होते, मग एलईडी लुकलुकतो आणि लोक बल्बला दोष देतात. आतला होल्डर तेवढा बदला, बैठक तशीच राहू द्या.