प्रतिसाद: कॅनव्हासवरच्या वर्तुळावरचा क्लिक
कॅनव्हासवर (वेबपानावर कोडने चित्र काढायची जागा) काढलेल्या वर्तुळावर क्लिक झालं का ते कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. वरच्या एका उत्तरात 'चौकोनात माऊस आहे का तेवढं बघा' असं सांगितलंय, ते चौकोनासाठी ठीक आहे पण तुमचा प्रश्न वर्तुळाचा आहे आणि तिथे वर्तुळाभोवतीच्या चौकोनाच्या मोकळ्या कोपऱ्यात क्लिक केलं तरी वर्तुळाला लागलं असंच दाखवणार. समजा त्रिज्या 50 आहे आणि माऊस केंद्रापासून 45 उजवीकडे, 45 खाली, म्हणजे चौकोनाच्या आत, पण 45 चा वर्ग दोनदा मिळून 4050 होतात आणि 50 चा वर्ग 2500, म्हणजे वर्तुळाच्या बाहेरच. वर्गमूळ काढत बसू नका, केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग आणि त्रिज्येचा वर्ग यांचीच तुलना करा.

आणि क्लिक सरकल्यासारखं वाटतंय म्हणालात ते बहुतेक सीएसएसमुळे (वेबपानाचं रूप आणि आकार ठरवणारे नियम). कॅनव्हासची स्वतःची रुंदी 400 आणि स्क्रीनवर ताणून 800 केली असेल तर माऊसचा स्क्रीनवरचा 300 हा कॅनव्हासच्या हिशेबात 150 धरावा लागतो, माझा यातच अख्खा रविवार गेला होता.

आकार एकमेकांवर असतील तर ते ज्या क्रमाने रेखाटले ती यादी शेवटून तपासा, शेवटी रेखाटलेला वर दिसतो आणि माणूस जे दिसतं त्यावरच क्लिक करतो ना. बारीक रेषेला मात्र दोन्ही बाजूंनी पाचेक पिक्सेलची सूट द्याच, टचपॅडवर हात इतका नेमका बसत नाही.