मदत हवी आहे: भाचा फॉरवर्डला खेळतो पण गोल नाहीत, सर हाफला टाकतो म्हणतायत

गोडोलीकर_मामा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. स्वतः कबड्डी खेळलोय, हॉकीतलं जे काय कळतं ते मोबाईलवर मॅच बघून आणि गेली तीन वर्षं भाच्याला गाडीवर मागं बसवून ग्राउंडला ने-आण करून, त्यामुळे काय चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

भाचा दहावीला आहे, शाळेच्या सतरा वर्षांखालच्या टीममध्ये उजव्या बाजूचा फॉरवर्ड. जिल्ह्याच्या तीन मॅच झाल्या, तिन्ही जिंकल्या, आता विभागीयला जायचंय. टीमचे ५ गोल झाले, त्यात ह्याचा एकही नाही. परवा सरांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं की फॉरवर्डचं काम गोल मारायचं असतं, नुसतं पळायचं असेल तर अॅथलेटिक्सला जा, आणि विभागीयला तुला राईट हाफला (म्हणजे फॉरवर्डच्या मागं, मधल्या फळीत) टाकतो नाहीतर बाहेर बसवतो. तेव्हापासून पोरगं घरात बोलत नाही, स्टिकची ग्रिप काढतंय आणि परत गुंडाळतंय. बहिणीचं भलतंच, ती म्हणते बरंच झालं, दहावी आहे. तिला सवलतीच्या गुणांचं सांगून गप्प केलंय.

आता माझं म्हणणं. हा गोल मारत नाही हे खरं, पण बॉल काढून कोण देतं? समोरचा बॅक (मागं बचावाला असणारा गडी) बॉल घेऊन वर यायला बघतो तेव्हा हा एकटाच त्याच्या अंगावर जातो, बाकीचे दोन फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे. शेवटच्या मॅचला मी वहीत रेघा मारल्या. समोरच्यांच्या २३ मीटरच्या लाईनच्या आत ह्यानं १४ वेळा बॉल हिसकावला नाहीतर त्यांना घाईत कुठंतरी मारायला लावला. त्यातून ४ पीसी (पेनल्टी कॉर्नर) मिळाले आणि त्यातल्या एकावर गोल झाला. पण गोलच्या रकान्यात नाव मारणाऱ्याचं, आणि पीसी कुणामुळं मिळाला याला रकानाच नाही.

तर सांगा, असा फॉरवर्ड ठेवावा का मागं घ्यावा, आणि सरांशी बोलायचं तर काय बोलायचं, का मामा म्हणून मलाच जास्त दिसतंय.

कृष्णाकाठ_सांगली

मामा, सरांना पॅरिस ऑलिंपिकचा हिशोब दाखवा. २०२४ ला आपण ब्राँझ आणलं, ८ मॅचमध्ये १५ गोल, त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे आणि तो डिफेंडर. फॉरवर्डचे किती? अभिषेकचे २, मनदीपचा १, सुखजितचा १. संपलं. उरलेला एक विवेक सागरचा, तो मिडफिल्डर. मग काय सगळे फॉरवर्ड बाहेर बसवायचे होते का? हरमनप्रीतला जे पीसी मिळाले ते आकाशातून पडले नाहीत, कुणीतरी डीत (गोलसमोरच्या अर्धगोलात) घुसून समोरच्याच्या पायावर बॉल मारला तेव्हा मिळाले.

आणि ब्रिटनची क्वार्टर फायनल आठवा, दुसऱ्या क्वार्टरच्या सुरवातीलाच अमित रोहिदासला रेड कार्ड, पुढची सगळी मॅच १० जणांत काढली, १-१ वर नेली आणि शूटआऊटला ४-२. त्या मॅचला फॉरवर्ड आपल्याच डीत येऊन टॅकल मारत होते. तुमचा भाचा तेच करतोय.

जुना_फुलबॅक

पॅरिसचं इथं लावू नका राव. तिथं मागं हरमनप्रीत होता म्हणून फॉरवर्डला गोल नसले तरी खपलं, आणि तरीसुद्धा फिल्ड गोल (पीसीशिवाय चालू खेळात मारलेले) होत नाहीत म्हणून बोंब झालीच होती. तुमच्या शाळेत ड्रॅगफ्लिक मारणारा, म्हणजे पीसीला बॉल स्टिकनं ओढत जोरात गोलात फेकणारा, आहे का कोण? मुरमाच्या ग्राउंडवर पीसीचा पुश (बॅकलाईनवरनं ढकललेला बॉल) डीच्या बाहेर पोचेपर्यंत तीन टप्पे खातो, तो अडवणाऱ्या स्टॉपरच्या स्टिकवरनं उडतो, तोवर समोरचे चौघं पळत येऊन अंगावर. मामांच्याच वहीत बघा, ४ पीसीत १ गोल, ते पण नशीब म्हणायचं. शाळेच्या टीमला गोल फॉरवर्डच्याच स्टिकमधनं यावा लागतो, सरांचं तेवढं खरं आहे. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, ते सोडा.

मी सतरा वर्षं फुलबॅक खेळलो, अंगावर येणारे फॉरवर्ड लय बघितले. त्यातला जो सरळ रेषेत जोरात पळत येतो ना, तो आम्हाला आवडायचा. त्याला यायला द्यायचं, अगदी जवळ आला की बॉल जरासा बाजूला घ्यायचा, तो गाडीसारखा पुढं निघून जातो आणि पुढं मोकळं रान. जो वाकडा येतो त्याची भीती. तो आधी मधला पास बंद करतो आणि मग तुम्हाला साईडलाईनकडं रेटत नेतो, आणि साईडलाईन म्हणजे त्यांचा बारावा गडी, तिला चुकवता येत नाही.

म्हणून मामा तीन गोष्टी विचारतो. भाचा सरळ जातो का वाकडा? त्या १४ पैकी किती वेळा पुढचा पास आपल्याला मिळाला? आणि डावीकडनं क्रॉस (गोलसमोर आडवा मारलेला पास) आला तेव्हा हा होता कुठं? रेघा मारणं सोपं असतं, आपल्या पोराच्या बाजूनं तर फारच.

पेठेतला_पंटर

खडकीचा धनराज पिल्ले १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक फॉरवर्डलाच खेळला. त्याला कुणी हाफला जा म्हटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करतोय 😄

फलटणकरीण

पंटर, धनराज डीत शिरला की काय करायचा ते पण लिही की.

मामा, हाफला टाकलं म्हणजे शिक्षा झाली असं पोराच्या डोक्यात कुणी भरवलं? आपल्याच जिल्ह्यातल्या तिघी भारताकडनं खेळल्यात, अक्षता ढेकळे डिफेन्सला, वैष्णवी फाळके मिडफिल्डला, ऋतुजा पिसाळ फॉरवर्डला. फॉरवर्डलाच खेळली तरच नाव होतं असं काही नाही. ज्याला बॉल हिसकावता येतो आणि दम आहे तो राईट हाफला सोनं आहे. माझी पुतणी दोन वर्षं फॉरवर्डला चाचपडली, हाफला गेली आणि तिला समोर सगळं ग्राउंड दिसायला लागलं, पाठीमागनं कोण येतंय ही भीतीच गेली. नाहीतरी हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, एका क्वार्टरला पुढं एका क्वार्टरला मागं असं सरांना विचारता येईल. भांडायला जाऊ नका फक्त.

गोडोलीकर_मामा

फुलबॅकसाहेब, तुमचं वाचून आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ लावला. एका पालकांनी पॅव्हेलियनच्या पायरीवरनं काढलाय, अर्धा वेळ कुणाचातरी कान दिसतो, पण पहिले तीन क्वार्टर बऱ्यापैकी आलेत. भाच्याला शेजारी बसवला आणि ह्या वेळी वही त्याच्याच हातात दिली.

माझ्या १४ पैकी ११ व्हिडिओत सापडले. त्यातले आपल्याला मिळाले ६. उरलेल्या पाचात बॉल साईडलाईनच्या बाहेर नाहीतर परत त्यांच्याच दुसऱ्या गड्याकडं. आणि मी ज्याच्या रेघाच मारल्या नव्हत्या ते पण दिसलं, ७ वेळा हा सरळ अंगावर गेला आणि तुम्ही म्हणता तसं त्यांनी ह्याला गाडीसारखा जाऊ दिला, मागं आपला हाफ एकटा पडला. मग डावीकडनं क्रॉस बघितले. ९ क्रॉस आले, हा डीत होता ४ वेळा. त्यातल्या एकाच वेळी स्टिक खाली होती, बाकी तीनदा स्टिक कमरेच्या वर, बॉल दूरच्या पोस्टसमोरनं शांतपणे निघून गेला. तिसऱ्याला पोरगं स्वतःच म्हणालं, मामा थांबव, परत दाखव. तीनदा बघितलं. मग म्हणालं मी दमलेलो असतो रे मामा तिकडं पोचेपर्यंत.

माझी ट्यूब तिथं पेटली. ह्याचा सगळा दम बॉलमागं पळण्यात जातो, गोलसमोर पोचतो तेव्हा शिल्लकच काय नसतं.

जुना_फुलबॅक

हे तुम्ही बघितलंत आणि इथं लिहिलंत, मानलं मामा.

आता ऐका. प्रेस, म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाऊन बॉल काढणं, एकट्यानं करायचा नसतोच. बाकी दोघं कमरेवर हात ठेवून उभे असतील तर ह्यानं पण जायचं नाही, थांबायचं, हाक मारायची, तिघं मिळून जायचं. ही गोष्ट सरांनी टीमला शिकवायची आहे, तुमच्या भाच्यानं नाही. सरांशी बोलायचं असेल तर हेच बोला, गोलचा वाद घालू नका.

जाताना वाकडं जायचं आणि समोरच्याला शक्यतो आपल्या उजव्या हाताला वळवायचं. स्टिक एकाच बाजूनं चपटी, उजवीकडं फोरहँडनं टॅकल बसते, डावीकडं रिव्हर्स फिरवावी लागते आणि तिथं फाऊल होतो. भाचा उजव्या बाजूलाच खेळतोय, म्हणजे साईडलाईन पण उजवीकडं, दोन्ही फायदे एका जागी. ग्राउंडवर तीन दगड ठेवा, मधल्या पासच्या वाटेत एक आणि दोन बॅकच्या वाटेत. पहिल्या दगडाला वळसा घालूनच बॅकच्या अंगावर जायचं. रोज वीस वेळा, पाय आपोआप वळतो.

आणि दूरचा पोस्ट. आमच्या वेळी ऑफसाईडचा नियम होता, पुढं जाऊन उभं राहायची सोय नव्हती. १९९८ ला तो नियम कायमचा गेला. आता क्रॉस यायच्या आधीच पोस्टजवळ जाऊन उभं राहिलं तरी कुणी काय म्हणत नाही. स्टिक जमिनीला लावून. मारायचं नाही, नुसती लावायची. डीच्या आत लागला तरच गोल, बाहेरनं कितीही जोरात मारला तरी शून्य, हे त्याला माहीत असेलच.

कृष्णाकाठ_सांगली

मी पॅरिसवरनं मागं हटत नाही, पण स्टिक खाली ठेवण्याबद्दल फुलबॅकशी सहमत.

गोडोलीकर_मामा

अपडेट देतो. शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर सरांना गाठलं. गोल हा शब्दच काढला नाही. व्हिडिओतले दोन तुकडे दाखवले, एक जिथं हा एकटा गेला आणि हाफ उघडा पडला, आणि एक स्टिक वर असलेला. सरांनी मोबाईल हातात घेऊन दोन्ही बघितले, मग बाकीच्या दोन फॉरवर्डना हाका मारल्या आणि त्यांना त्यांचे कमरेवरचे हात दाखवले. भाच्याला हसू आवरेना. ठरलं असं की पहिले दोन क्वार्टर पुढं, तिसऱ्याला राईट हाफला बघायचं, चौथ्याचं त्या त्या वेळी. फलटणकरीण ताई, हे तुमचंच.

रविवारी दगड ठेवून पळवला. सहाव्यांदा दगडाला ठेचकाळून गुडघा फोडून घेतला, बहीण माझ्याशी बोलत नाही सध्या.

एक राहिलंच. विभागीय कोल्हापूरला टर्फवर आहे म्हणतायत. आमच्या पोरांनी मुरमाशिवाय काय बघितलेलं नाही, पाणी मारलेल्या टर्फवर बॉल किती पळतो आणि हे वाकडं पळणं तिथं जमतं का? आणि टर्फचे बारीक रबरी गोट्यांचे बूट साताऱ्यात मिळतील का तिकडूनच घ्यावे लागतील? नवा धागा काढत नाही, इथंच सांगा. माप ८ नंबर.