तिसरीतल्या मुलांनी स्वतःची गोष्ट लिहावी, की आधी शुद्ध लिहायला शिकावं?

बालाघाटची_बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरी-चौथीला शिकवते. भाग ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर मुलं आजी-आजोबांजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात.

काही वर्षांपूर्वी अशाच हिवाळ्यात वर्गाला म्हटलं, काल-परवा घरी जे घडलं ते गोष्टीसारखं लिहा. तिसरीतल्या एका मुलीनं लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"रातीला शेळी येली. आय बा कारखान्याला गेल्ते. आजीला दिसत नाय. मी बत्ती धरली. पिलू वल होत. मी पोत्यान पुसल. मंग ते हुब राह्यल."

सात वाक्यं. घरात मोठं माणूस एकच आणि त्याला दिसत नाही. रात्रीची वेळ, शेळी व्यायलेली, हातात बत्ती, वय आठ. हे सगळं तिनं कुठेही 'मला भीती वाटली' असं न लिहिता सांगितलं. मी लाल पेन काढलं आणि तेरा गोल केले. रातीला, येली, नाय, वल, हुब. खाली शेरा दिला, 'शुद्धलेखन सुधार'.

पुढच्या वेळी तिनं लिहिलं, "एका गावात एक राजा होता. तो फार दयाळू होता." चूक एकही नव्हती. ते वाक्य तिनं पुस्तकातून उचललं होतं, कारण त्यावर गोल होणार नाही याची तिला खात्री होती. आपल्या घरातलं लिहिलं की बाई लाल करतात, एवढं तिला माझ्याकडून शिकायला मिळालं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मूल अक्षरं जोडायला लागलं की त्याच आठवड्यापासून त्याला स्वतःची गोष्ट लिहू द्यावी आणि पहिल्या लिखाणावर पेन चालवू नये. 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रकार तर या वयात नकोच. म्हातारा शेतकरी, चार भांडखोर मुलं, लाकडांची मोळी, एकीचं बळ. गोष्ट आधीच कुणीतरी रचून ठेवलेली असते, मूल फक्त गाळलेल्या जागा भरतं. वर तात्पर्यही लिहायचं. शेळीच्या गोष्टीचं तात्पर्य काय लिहायचं सांगा.

तुमच्या वर्गात, घरात काय अनुभव आहे?

पाटी_पेन्सिल

बाई, चौतीस वर्षं प्राथमिकवर काढली, त्यातली शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून. त्या मुलीची गोष्ट दोनदा वाचली. तरीही तुमचं म्हणणं मान्य नाही.

ती मुलगी सात वाक्यं लिहू शकते. तिच्याच बाकावर असं मूल बसलेलं असेल ज्याला 'शेळी'तला 'ळी' ओळखता येत नाही. 'असर' म्हणून खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होते, तिच्या अलीकडच्या फेऱ्यांत आपल्या राज्यातल्या तिसरीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता आला नाही. अशा मुलाला 'तुझी गोष्ट लिही' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीवर उभं करून उडी कशी सुंदर मारायची ते सांगणं. आधी बाराखडी, जोडाक्षरं, रोज दहा ओळी अनुलेखन, पाच ओळी श्रुतलेखन. हात वळला की मन मोकळं होतं. हात अडखळत असेल तर गोष्ट मनातल्या मनात विरते, हे मी शेकडो वह्यांत पाहिलं आहे.

शुद्धलेखनाला तुच्छ लेखू नका. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य झाले, १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडली. अठरा नियम काही डोंगर नाही. शिकलेल्या घरातल्या मुलाची चूक आई घरी दुरुस्त करते. तुमच्या शाळेतल्या मुलीला तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही 'हुब' तसंच सोडलंत तर उद्या अर्ज लिहिताना, परीक्षेत, नोकरीत तेच तिच्या आड येणार. तिची कीव करून तिचं नुकसान करू नये.

मुद्द्यांची गोष्टही वाईट नाही. घराला आधी पाया लागतो, तशी गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट. ते मुद्द्यांमुळे कळतं.

कोथरूडची_आई

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. लेक चौथीत, शाळा खासगी, तिथे दर महिन्याला 'स्वतःची गोष्ट' लिहायची असते. लाल पेन नाही, उलट स्टिकर मिळतो. आणि सगळ्या गोष्टी सारख्याच! राजकन्या, युनिकॉर्न, जादूची छडी, शेवटी सगळे मिळून पार्टी. सगळं मोबाइलवरून आलेलं. दोन-तीन मुलींच्या गोष्टी तर आईनंच लिहिल्या होत्या, वाक्यं वाचून कळतं. मोकळीक दिली म्हणून मूल स्वतःचं लिहितं असं नाही. त्याला आधी काय दिसलं, हे विचारणारं कुणीतरी लागतं.

बालाघाटची_बाई

कोथरूडची आई, हे अगदी पटलं. म्हणूनच मी 'गोष्ट लिहा' एवढंच म्हणत नाही. विषय लहान करते. 'माझी आई' सांगितलं की गाईडमधला निबंध येतो. 'आई रागावली तेव्हा हातात काय होतं' असं विचारलं की कुणाचं लाटणं येतं, कुणाची चप्पल, आणि एकदा आलं, 'काय नव्हत ती रडत होती'.

गुरुजी, वाचता न येणाऱ्या मुलाबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्याही वर्गात अशी पाच-सहा असतातच. ती सांगतात, मी फळ्यावर लिहिते, त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य त्यांना वाचायला देते. पुस्तकातल्या 'कमल नमन कर'वर अडकणारा मुलगा 'आमचा बैल बुजला' हे बोट ठेवून वाचतो, कारण त्यात पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असतं. वाचन आधी आणि गोष्ट नंतर, असा क्रम मला तरी दिसला नाही. गोष्टीच्या पोटातून वाचन येतं.

कीव मात्र मी करत नाही. तिच्या वाक्यांपुढे माझंच लिखाण मला पोकळ वाटलं, म्हणून हा धागा काढला.

सिपनाकाठ

मेळघाटात शिक्षक आहे. तुम्ही दोघंही मराठी धरून चालला आहात. माझ्या वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात. ती मराठीची बोली नाही, वेगळ्याच कुळातली, मुंडा गटातली भाषा आहे. तिथे शुद्ध-अशुद्ध हा प्रश्न फार पुढचा.

एका मुलानं लिहिलं, 'सिपनाच्या झाडावर माकड बसल'. आधीच्या गुरुजींनी 'सिपना' खोडून 'साग' केलं होतं. कोरकूत सागालाच सिपना म्हणतात. आमची नदीही सिपना. मुलगा चुकला नव्हता, गुरुजींना शब्द माहीत नव्हता.

मी काय करतो ते सांगतो. गोष्ट आधी कोरकूत, तोंडी. सगळे ऐकतात, हसतात, मधेच दुरुस्त करतात ('माकड नव्हतं, अस्वल होतं'). मग तीच देवनागरीत, कोरकूतच लिहायची. तिसऱ्या दिवशी मराठीत. तिसऱ्या दिवशीची गोष्ट पहिल्या दिवशीपेक्षा नेहमी लहान होते, हे मला खुपतं. पण शब्द साठत जातात तशी ती वाढते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडे आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. भाषेचंही तसंच करावं लागतं.

बाई, एका बाबतीत मात्र तुमच्याशी जुळत नाही. तुम्ही लिहिण्याची घाई करता. आमच्याकडे मुलं तासभर गोष्ट सांगतात आणि कागद समोर आला की गप्प होतात. पहिली-दुसरीची दोन वर्षं नुसतं सांगण्यात गेली तरी मला चालेल.

चौथीचा_बाबा

यंदा चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. त्यात पर्याय निवडायचे असतात, गोष्ट लिहायची नसते. वर्गात एवढा वेळ यावर घालवणं परवडतं का? मनापासून विचारतोय.

पाटी_पेन्सिल

चौथीचा बाबा, परीक्षेसाठी म्हणून मी हे बोलत नव्हतो. वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-दोन, कुठे तीन वर्ग. वर माहिती भरा, फोटो पाठवा, पोषण आहाराचा हिशेब ठेवा. तीस मुलांच्या तीस गोष्टी वाचून प्रत्येकाला 'काय दिसलं' हे विचारणार कधी? श्रुतलेखन एका वेळी सगळ्या वर्गाचं होतं. आमच्या पिढीनं तो मार्ग आळसापोटी धरला नव्हता.

सिपनाकाठ यांचं 'साग' वाचून मात्र थांबलो. असे शब्द मीही खोडले असतील.

हस्तलिखित_जुनं

शुद्धलेखन कधी, यावर एक जुनं उदाहरण. सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक १९२०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात शिकवत. त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं मनातलं लिहीत, वर्गात वाचून दाखवत, त्यातलं एक सगळे मिळून निवडत. निवडलेला मजकूर फळ्यावर घेऊन सगळा वर्ग तो नीट करी, मगच खिळे जुळवायचे. तो कागद गावात जाई, दुसऱ्या शाळेला पोस्टानं जाई. आपलं लिहिलेलं अनोळखी माणूस वाचणार म्हटल्यावर शुद्ध लिहिण्याची गरज मुलालाच वाटते, बाईंना सांगावं लागत नाही.

गुरुजींच्या वेळेच्या प्रश्नालाही यात उत्तर आहे. आठवड्याला तीस गोष्टी तपासायच्या नाहीत. एकच घ्यायची, सगळ्यांसमोर. बाकीच्या वाचून ठेवायच्या. शासनानं शनिवार आता 'आनंददायी', म्हणजे उपक्रमांचा, केलाच आहे, तो तास याला द्यावा.

आपल्याकडे यासाठी हस्तलिखित होतं, मुलांच्या लिखाणाचा हातानं लिहिलेला अंक. मी शाळेत असताना दर वर्षी निघायचं आणि दर वर्षी ज्यांचं अक्षर वळणदार त्या चौघी-पाच जणींचंच त्यात यायचं. माझं अक्षर वाईट होतं. माझी एक गोष्ट दुसरीच्या हातानं, तिच्या नावावर गेली. हस्तलिखित काढा, पण ज्याचं त्याच्या अक्षरात, वाकडं असलं तरी.

कोथरूडची_आई

हे वाचून लेकीला आत्ताच विचारलं, आज शाळेच्या बसमध्ये काय दिसलं. म्हणाली, ड्रायव्हरकाका सिग्नलला डोळे मिटतात. लिही म्हटलं तर म्हणाली, 'ही काय गोष्ट आहे?' गोष्ट म्हणजे युनिकॉर्न, हे तिच्या डोक्यात आम्हीच घातलं असणार.

पाटी_पेन्सिल

बाई, एक विचारायचं राहिलं. त्या शेळीच्या मुलीचं पुढे काय झालं?

बालाघाटची_बाई

आता सातवीत आहे, गावातल्याच शाळेत. चौथीत असताना एकदा तिची जुनी वही मागितली होती. शेळीचं पान होतं, पण त्यावर तिनं खळ लावून दुसरा कोरा कागद डकवला होता. गोल दिसू नयेत म्हणून. मी ते पान सोडवलं नाही. पेन्सिलनं त्या कोऱ्या कागदावरच लिहिलं, 'पिलाचं नाव काय ठेवलं?' आणि वही परत दिली. आठ दिवसांनी उत्तर आलं: "बत्ती. ती आता माज्यामाग येती. आयला ती वळखत नाय कारन आय नव्हती."

पाटी_पेन्सिल

वाचलं.

'पुसल', 'हुब', 'वल' यांवर अनुस्वार कधीतरी द्याच पण. लाल पेनानं नको. तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. ती 'पुसलं' असंच म्हणेल. तो वरचा टिंब तिच्या तोंडात आहेच, कागदावर यायचा राहिलाय.