ए-विंग: मीटर रूमजवळचे डबे

ए-१०२: सकाळपासून तिसऱ्यांदा लिहितेय. पेंटरने मीटर रूमला लागून थिनरचे ५ डबे ठेवलेत. माझं दार तिथून चार पावलांवर. रात्रभर वासाने डोळा लागला नाही. आजच हलवा.

सेक्रेटरी: वहिनी, काळजी नको. मी स्वतः जाऊन बघितलं. डब्यावर ठळक 'इनफ्लेमेबल' छापलंय, म्हणजे पेट न घेणारा.

बी-२०४: साहेब, उलट! इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारा.

सेक्रेटरी: करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, तसंच हे. शाळेत शिकलोय.

ए-१०२: डबे आजच हलवा.

सी-३०३: 🌸 शुभ सकाळ 🌸

ए-४०१ काका: सेक्रेटरी, माझी ३० वर्षं रसायनीच्या कारखान्यात गेली. हा 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमध्ये पेटवण्याला 'इन्फ्लमारे' म्हणतात, त्यावरून शब्द आला. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच. लोक फसतात म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या संघटनेने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. जे पेटत नाही ते नॉनफ्लेमेबल. पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहितात, ते काय बिडी ओढायला या म्हणून?

सी-३०३: अरे देवा. माझ्या अप्रेझलमध्ये साहेबांनी 'इनव्हॅल्युएबल' लिहिलं होतं. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही 😄

बी-२०४: दादा, त्याचा अर्थ अमूल्य! पेढे काढा.

ए-१०२: पेढे नंतर. डबे आजच हलवा.

सी-१०५: शब्दांचा विषय निघालाच आहे तर, टाकी धुण्याच्या करारात 'बायमंथली' आहे. आम्ही समजलो महिन्यातून दोनदा. माणूस येतो दोन महिन्यांनी.

खजिनदार: डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत. तो विषय एजीएममध्ये मिटलाय.

सी-१०५: मिटला नव्हता, वेळ संपली म्हणून गुंडाळला. सरळ मराठीत 'दर दोन महिन्यांनी' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

खजिनदार: पुढचा करार आपणच लिहा ताई. आनंद होईल.

सेक्रेटरी: मी मराठी माध्यमाचा. चुका काढायला सगळे पुढे, कमिटीत यायला कोणी नाही.

ए-४०१ काका: मीही मराठी माध्यमाचाच, बाबा. तुझा अपमान करायचा नाही मला. डबा फिरवून बघ, ज्वाळेचं चित्र असेल. आपल्याकडे 'ज्वालाग्राही' इतका स्वच्छ शब्द आहे, त्यात कोणी फसत नाही. आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. मीटरमध्ये एक ठिणगी उडाली तर पळायला जिना उरणार नाही. वरच्या मजल्यांवर गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली माणसं राहतात.

ए-१०२: 👆👆 डबे आजच हलवा.

सेक्रेटरी: बघितलं. चित्र आहे. काका, चुकलो. वॉचमनला घेऊन डबे मागच्या शेडमध्ये नेतोय, कुलूप लावतो.

बी-२०४: तिकडे कोणी सिगारेट ओढायला जाऊ नका. कोणाला म्हणतेय ते त्यांना कळलंय.

सी-३०३: मी सोडली आहे 🙏

ए-१०२: ४ गेले. पाचवा?

सेक्रेटरी: उघडा आहे. पेंटरकडून झाकण मागवलंय.

ए-१०२: मी दारात उभी आहे.