दुब्रोव्हनिकला जमिनीवरून कसे जावे, आणि तिथल्या कयाकिंगविषयी

राजारामपुरीकर (कोल्हापूर):
सप्टेंबरमध्ये मी व पत्नी क्रोएशियाला जाणार आहोत. झाग्रेबपासून दुब्रोव्हनिकपर्यंतचा प्रवास विमानाऐवजी जमिनीवरून करण्याची इच्छा आहे. रेल्वे मिळते का? वाटेत बोस्नियाची हद्द लागत असल्यास एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) पुरेल का? दुब्रोव्हनिकच्या जुन्या शहराच्या तटबंदीभोवती कयाकनेही (वल्ह्याने चालवायच्या अरुंद नावेने) फिरायचे आहे. मात्र आमचा अनुभव रंकाळ्यातल्या नौकाविहारापुरताच आहे आणि पत्नीला पोहता येत नाही.

घाटवाट:
दुब्रोव्हनिकला रेल्वे जात नाही. स्प्लिटपर्यंत रेल्वेने जाऊन तिथे मुक्काम करावा आणि पुढचे सुमारे २३० किलोमीटर बसने, शक्यतो उजव्या हाताच्या खिडकीत बसून जावे, कारण समुद्र त्याच बाजूला असतो. न्यूम येथे बोस्नियाची चिंचोळी किनारपट्टी क्रोएशियाचे दोन तुकडे करते. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल खुला झाल्यापासून ती टाळता येते. तरीही तिकीट काढताना बस पुलावरूनच जाते ना, हे विचारून घ्यावे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये असल्याने न्यूममार्गे गेल्यास तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि तुमचा एकमेव प्रवेश तिथेच संपतो. बोस्नियातले मोस्तार किंवा माँटेनेग्रोतले कोटोर शेंगेनबाहेर आहे; तिथली सहल करायची असेल, तर अर्जातच मल्टिपल एंट्री (अनेकदा प्रवेश) मागावी.

खाडीकाठ:
कयाक जुन्या शहराच्या पिले दरवाजाजवळच्या, लोव्हरियेनाट्स किल्ल्याखालच्या छोट्या खाडीतून निघतात आणि तटाच्या कडेने लोक्रुम बेटाकडे जातात. बेटिना गुहेतल्या खड्यांच्या पुळणीवर बहुधा विसावा असतो. सकाळचीच फेरी घ्यावी, हा माझा आग्रह आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून माएस्त्राल वारा सुटतो, आणि लोक्रुमहून परतताना नेमके त्याच्याच तोंडावर वल्हवावे लागते. आग्नेयेचा युगो वारा लागला की समुद्र खवळतो, म्हणून कयाकिंग मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये.
दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो, तेव्हा मागे तुम्ही बसावे (पुढे बसणाऱ्याने सूचना देऊ नयेत, हे ठरवून घेतलेले बरे). पोहता येत नसल्याचे आरक्षणापूर्वीच स्पष्ट सांगावे, कारण काही आयोजक अशांना घेत नाहीत. जाण्यापूर्वी तारकर्लीजवळ कर्ली खाडीच्या संथ पाण्यात दोघांनी लाइफ जॅकेट घालून सराव करावा. तिथेच वहिनींना धास्ती वाटली, तर दुब्रोव्हनिकला तुम्ही एकटे कयाकमध्ये जा आणि त्यांना तटावरून फिरू द्या. १,९४० मीटरची ती फेरी मला तरी कयाकपेक्षा कमी वाटली नाही.