टुरिस्ट व्हिसा काढतानाचे तुमचे अनुभव लिहा

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन युरोपला जायचं घाटतंय. कागदपत्रांची यादी कुठेही मिळते, मला यादीत नसलेलं हवंय. काउंटरवर काय विचारलं, कुठे अडलं, कुठे उगाच घाबरलात? शेंगेनच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हवा असं नाही, कुठलाही देश चालेल.
– भटकभवानी

सातारी कंदी
अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, इथूनच सुरुवात होते. जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल तर शेंगेनमध्ये जिथून शिरणार, तिकडे. आम्ही उतरणार पॅरिसला, पण राहणार जास्त इटलीत, म्हणून इटली. एजंट म्हणे, "फ्रान्सची तारीख लवकर मिळतेय, तिकडून टाकू, हॉटेलं नंतर बदला." त्याला हात जोडले. तिकिटं, हॉटेलं आणि कव्हरिंग लेटर यांत एकच प्रवास दिसायला हवा. नाकारला तर फी बुडाली. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण तो सगळ्यात सोपा भाग.

ओटीवरची
आईबाबांना नेताय म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंच्या पासपोर्टवर सासरचं नाव, एका जुन्या बँक खात्यावर माहेरचं. जोडणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला, आणि त्या काळात नोंदणी करतंय कोण! लग्नपत्रिका शोधली, साक्षीदार जमवले (लग्नाला हजर असलेले आणि अजून सही करू शकणारे, हे दोन्ही जुळायला हवं), नगरपालिकेत आत्ता नोंदणी केली. मामंजी लाजत होते, सासूबाई मजेत. या कामाला व्हिसापेक्षा जास्त वेळ गेला, तेव्हा आधी तेच बघा. खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र, इन्कम टॅक्स रिटर्न आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या तोंडावर आईवडिलांच्या खात्यात मोठी रक्कम भरू नका. ती लगेच डोळ्यात येते.

बीकेसी रिटर्न
अमेरिकेचं सगळं निराळं. १८५ डॉलर भरले, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरला, बोटांचे ठसे एका ठिकाणी, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. काकांनी जमिनीच्या सातबाऱ्यासकट जाडजूड फाइल नेली होती. कोणी उघडायलाही सांगितली नाही. कुठे जाणार, कोणाकडे, तिकीट कोण काढतंय, इकडे कोण असतं, बस्स. काकांना दिला. रांगेत त्यांच्या पुढे असलेल्या मुलाला कलम २१४(ब) खाली नाकारला. परत येईल याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अपील नसतं, पुन्हा फी भरून नवा अर्ज करायचा.

कट्टेकरी
एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री (अनेकदा ये-जा करता येणारा) व्हिसा मिळू शकतो. मुक्काम मात्र कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, दर वेळी कोणीतरी विचारतंच.

भटकभवानी
ओटीवरची, दाखल्याचं आजच बघते. अजून एक: बाबांचे ठसे आधारलासुद्धा उठले नव्हते. तिथे काय करतात?

ओटीवरची
मामंजींचे पहिल्यांदा उठले नाहीत. बोटं ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा घेतले, आले. आधीच्या शेंगेनला दिलेले असतील तर ५९ महिने तेच चालू शकतात.